ओहोटीच्या वेळा

आरोसाच्या खाडीत आम्ही सगळ्याच कमरेपर्यंत ओल्या.
कोण कशाने ओली, ते पाण्याला विचारणार कोण?
म्हणून अकरा वर्षं खपून गेलं.

दाताळं ओढायचं, वाळू चाळायची,
तिसऱ्यांनी भरलेली बादली हिसक्यासरशी उचलायची,
आणि उचलताना रबरी विजारीच्या आत
काहीतरी कोमट उतरत जायचं बुटापर्यंत.
नोव्हेंबरचं पाणी हाडं कुरतडतं.
खोटं कशाला बोलू, त्या उबेचं बरंही वाटायचं क्षणभर.

पंचाईत कोरड्या जमिनीवर.
दोसिंदाच्या नातीच्या बाप्तिस्म्याला
मी शेवटच्या बाकावर, दाराशी.
कुणी गंमत सांगू लागलं
की आधी मांड्या आवळायच्या, मग हसायचं.
तोवर बाकीच्यांचं हसून झालेलं असायचं.
आणि स्कर्ट काळा. नेहमी काळा.
गाव म्हणे, एरुन्दिनाचं दुःख अजून फिटत नाही.
बिचारा बाल्दोमेरो!
जिवंतपणी त्याला एवढा मान कुणी दिला नव्हता.

आईचं तर अंगच बाहेर यायचं.
ते बोटांनी आत सारून, वर पट्टा करकचून
ती पहाटे पाण्यात उतरायची.
हे मला कळलं तिला शेवटची आंघोळ घालताना.
पट्ट्याचे वळ होते कमरेवर, जुने, रुळलेले,
दोर घासून घासून धक्क्याच्या दगडावर पडतात तसे.

मग एका जानेवारीत संघाने एक मुलगी बोलावली,
उशीआ नावाची, फिजिओथेरपिस्ट.
लिलावाच्या खोलीत, वजनकाट्यावर
तिने प्लास्टिकचं ओटीपोट ठेवलं.
“किलोला काय भाव?” मागून कुणीतरी ओरडलं.
चाळीस बायका हसल्या. मी मांड्या आवळल्या.
तिने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

“ही झोळी,” ती म्हणाली,
“पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत टांगलेली.
मूत्राशय, गर्भाशय, आतड्याचं टोक,
सगळा संसार हिच्या भरवशावर.
तिसरीला बोट लावलं की ती काय करते?”

हे आम्हाला विचारतेस, पोरी?
“मिटते. आत ओढून घेते.”
“आणि मग?”
कुणी बोलेना.
शेवटी दोसिंदा, काट्याकडे बघत:
“पाणी निवलं की उघडते.”
“ते उघडणंही कामच आहे.
दिवसभर आवळून धरलेलं घट्ट असतं,
बळकट असतंच असं नाही.”

पडद्यामागे ती म्हणाली, वर ओढा.
मी पोट ओढलं. पोट नको.
मी ढुंगण आवळलं. तेही नको.
श्वास कशाला रोखलात?
वाळूवर दोन बारीक भोकं दिसली
की खाली तिसरी आहे, हे मला दहा पावलांवरून कळतं.
आणि इथे, सत्तावन्न वर्षं वागवलेल्या अंगात,
मी अंधारात चाचपडत होते
दुसऱ्याच्या घरात दिव्याचं बटण शोधावं तशी.

तीन आठवडे काही नाही.
पाचव्या आठवड्यात, बटाटे सोलताना,
खाली कुणीतरी हलकेच ओ दिली.

दोसिंदाचं नुसत्या व्यायामाने भागलं नाही.
तिला डॉक्टरांनी सिलिकोनची कडी बसवली.
“कानातली हरवली माझी सगळी,” ती सांगत सुटली,
“ही एक हरवत नाही.”
आणि सबेला, सव्वीस वर्षांची, पोर चार महिन्यांचं,
परवा भरल्या बादलीपाशी नुसती उभी राहिली,
मांड्या आवळून.
ते उभं राहणं मी ओळखते.
मी पाणी कापत गेले, आणि मोठ्याने,
सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं विचारलं:
“कधीपासून?”
ती लाल झाली. मग म्हणाली.
मग दाताळी थांबली, आणि पलीकडून आणखी एकजण म्हणाली.
बादलीच्या कडीला दोघींनी हात घातला.
आधी श्वास सोडायचा, मी म्हटलं. मग उचल.

काळा स्कर्ट अजून आहे.
बाल्दोमेरोचं दुःख तसं बरंच ओसरलं.
आठवड्यातून एखादेवेळी येतं,
शिंकेबरोबर.